माती दिलेल्या माणसाची गल्ली

१० एप्रिल २०१६, जेनोवा

"अक्का, समुद्रात पाण्याची वाण नसती बघ." माझा धाकटा भाऊ बसू हे लातूरच्या बसस्टँडवर म्हणाला होता, जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला तेव्हा. ते पाणी पिता येत नाही रे, असं मी म्हटलं तर हसला. आज त्याच समुद्राच्या काठी उतरले आणि सगळ्यात आधी ते वाक्य आठवलं.

शाळेत मी मुलींना रोजनिशी लिहायला लावते. स्वतः कधी लिहिली नाही. इथं बोलायला सोबत आलेल्या मडिवाळप्पा काकांशिवाय कुणी नाही, म्हणून ही वही.

जे झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी बसूचं जहाज या बंदरात लागलं होतं. जहाज सुटलं तेव्हा तो त्यावर नव्हता. माणूस हरवला आहे, एवढाच फोन आला. पाण्यात पडला की गावात उतरला, कुणी सांगेना. आम्ही पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली, तोवर वाट बघितली. मग काकांनी आणि जंगम स्वामींनी बसून ठरवलं. जहाजावर जाताना बसूनं गळ्यातलं लिंग काढून अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, हातात दिलं होतं. पाण्यात पडलं तर, ही त्याला भीती. आमच्या लिंगायतांत लिंग जन्मल्यापासून अंगावर असतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. माणूस नाही तर लिंगाला तरी माती देऊ, असं काका म्हणाले. शेतात आप्पांच्या, आमच्या वडिलांच्या, समाधीशेजारी खड्डा काढला. बसूचा सदरा आणि विजार मांडी घातल्यासारखी बसवली, डाव्या बाहीच्या टोकाला लिंग ठेवलं आणि माती लोटली. असं आधी कुणी केलेलं नव्हतं. पण सगळ्यांना मोकळं वाटलं, मलासुद्धा. पुढं सिंधुच्या माहेरच्यांनी तिचं देवणीत दुसरं लग्न लावून दिलं. सिंधु म्हणजे बसूची बायको. होती.

आणि या संक्रांतीला लातूरचे एक डॉक्टर युरोप फिरून आले. या गावच्या एका चढावरच्या गल्लीत भाजीचे क्रेट उचलणारा एक जण त्यांचं बोलणं ऐकून थबकला आणि म्हणाला, "सर, लातूरचे का?" डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो निघून गेला होता. डॉक्टरीणबाईंच्या फोटोत त्याची पाठ आली आहे. डावा खांदा उतरलेला. आप्पांचाही तसाच होता.

अव्वा अंथरुणाला लागली आहे. तिला तो घरी यायला हवा. व्हिसा चोवीस तारखेपर्यंतच आहे, त्याच्या आत मला त्याला घेऊन जायचं आहे.


११ एप्रिल

सगळं गाव डोंगराला लटकवल्यासारखं. खाली बंदर, तिथून वर चढत गेलेल्या गल्ल्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. मधोमध विटांचा पट्टा, दोन्ही बाजूंना दगड. घरं सहा-सहा मजली, खिडक्यांना झडपांसारखी हिरवी फळकुटं, वर वाळत घातलेले कपडे आणि त्यांच्याही वर आकाशाची एक चिंधी. वळणावळणावर भिंतीत कोनाडा आणि त्यात त्यांची मरियम आई. आमच्या उदगीरला चौबाऱ्याच्या चौकातून किल्ल्याकडं जाताना गल्ल्या अशाच आत आत ओढतात. पण आमच्याकडं उतार धरून माणूस पाणी शोधत जातो. इथं कुठलाही उतार धरला तरी खाली पाणीच.

काका पहिल्याच चढावर बसले. म्हणाले, "ह्ये गाव हाय का जिना हाय गं? ह्या लोकास्नी सपाट जागा कुणी दिलीच न्हाई का?" त्यांना खाली बंदरावरच्या बाकावर बसवून मी एकटीच फिरले. परत आले तेव्हा ते फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते. एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होणार असं कुणीतरी मुंबईहून कळवलं आहे. कृती समितीचे अध्यक्ष काका आहेत. हार कुणी घालायचा, यावरून तिकडं भांडण लागलं आहे.

काका सोबत आले नसते तर मला येता आलं नसतं. त्यांची लातूरला तुरीची आडत आहे, मिलानच्या एका व्यापाऱ्यामार्फत त्यांनीच व्हिसाचं बघितलं. एवढं कोण करतं?


१२ एप्रिल

शिवकांताचा फोन आला. शेजारीण आहे, अव्वाकडं तीच बघते. लातूरला आज आगगाडीनं पाणी आलं म्हणे, माणसं रुळाकडेला हार घेऊन उभी होती. उदगीरला टँकर अजून अकरा-बारा दिवसांनीच येतो. अव्वानं मात्र एक नवीनच काढलं आहे. आलेल्या पाण्यातली एक घागर ती कुणाला हात लावू देत नाही. झाकून ठेवते. बसू आला की पाय धुवायला. "मी म्हटलं, मावशी, आमच्या घशाला कोरड पडून राहिली आन् तुमच्या ल्योकाचे पाय काय मोठे लागून गेले," असं शिवकांता म्हणाली आणि रडली.

बसूचा घरून आणलेला फोटो दाखवत फिरले. केस कापणारा मोरोक्कोचा माणूस, पाव भाजणारी बाई, कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या काळ्या मुली. सगळे मान हलवतात. चढाच्या मध्यावर शमीम नावाच्या बांगलादेशी माणसाचं भाजीचं दुकान आहे. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, गवार, सगळं. हिंदी येतं त्याला. फोटो त्याने जरा जास्तच वेळ धरला, मग म्हणाला, नहीं देखा. मी निघाले तर मागून हाक मारली, "अक्का, धनिया लेके जाओ." पैसे घेतले नाहीत. इतक्या लांबच्या मुलखात अक्का ऐकून बरं वाटलं.


१४ एप्रिल

काल एका म्हाताऱ्या बाईनं फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आणि एका उंच गुलाबी भिंतीकडं बोट केलं. वर. चौथ्या मजल्यावर खिडकी, एक फळकूट उघडं, कट्ट्यावर लाल फुलांची कुंडी. मी धावतच गेले. खालचं दार बंद होतं. बेलच्या पाट्यांवर ओळखीचं नाव नाही.

काल संध्याकाळपर्यंत आणि आज सकाळपासून मी त्या खिडकीखाली उभी होते. बसू, ए बसू, अशा हाका मारल्या. येणारे-जाणारे थांबत, बघत, पुढं जात. लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. बसलिंगप्पा म्हणून पूर्ण नावानंही मारली. लहानपणी तो चिंचेवर चढून बसायचा, पूर्ण नावानं हाक मारली की घाबरून खाली यायचा.

दुपारी वारा सुटला. सगळ्या गल्लीतले कपडे फडफडायला लागले. त्या कुंडीतलं फूल हललं नाही. मी बघत राहिले. फळकुटाची सावलीही सकाळी होती तिथंच होती. ती खिडकी भिंतीवर रंगानं काढलेली आहे. इथं तशी पद्धत आहे म्हणे. दोन खऱ्या खिडक्यांच्या मध्ये भिंत उघडी दिसू नये म्हणून.

काकांना सांगितलं. त्यांनी चिवड्याचा घास थांबवला. "दोन दिस भिताडाला हाक मारून राहिलीस? उमा, तू मास्तरीण हायेस ना गं?" मग हसले. थोड्या वेळानं चिवड्याची पिशवी माझ्याकडं सरकवली.


१५ एप्रिल

पाऊस. दिवसभर. गटारातून, पायऱ्यांवरून, मरियम आईच्या कोनाड्यावरून पाणी वाहून समुद्रात चाललं आहे. कुणाला त्याचं काही नाही. मी खोलीतच बसले. बघवेना.


१७ एप्रिल

आज शमीमच्या दुकानात एक बांगलादेशी बाई आली. तो तिला आपा म्हणाला. मागून आलेल्या पंजाबी बाईला दीदी म्हणाला. मी गवारीच्या शेंगा निवडत होते. हात तसाच राहिला.

मी विचारलं, मला अक्का म्हणायला तुला कुणी शिकवलं? तो तराजू पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. मी त्याच्या दुकानात, लोकांसमोर, खाली बसले. मग तो म्हणाला, "उठो अक्का. है वो. ठीक है. बीमार नहीं है."

आहे. जिवंत आहे. रात्री दुसऱ्या बाजारातून माल आणतो, दिवसा झोपतो. शमीमच्याच माडीवर राहतो. आणि ती माडी त्या गुलाबी भिंतीतच आहे. रंगवलेल्या खिडकीच्या डाव्या हाताची खरी खिडकी, कायम बंद असते ती. मी हाका मारत होते ते दोन दिवस तो आत होता. शमीम म्हणाला, त्या दोन दिवसांत जेवला नाही.

मला तेव्हाच वर जायचं होतं. शमीमनं हात जोडले. वर गेलात तर तो हे गावही सोडेल, म्हणाला. त्याच्याकडं कागद नाहीत, कुठंही जाईल आणि मग शमीमलाही सापडणार नाही. म्हणून मी निरोप दिला: अव्वा अंथरुणावर आहे, तुझी वाट बघते, चल. आणि तिनं पाठवलेलं लिंग दिलं. ते नवं आहे. अव्वा तीन महिने रोज तळहातावर घेऊन त्याची पूजा करत होती, आपल्या लिंगाबरोबर. तिच्या रेशमी इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं आहे.

संध्याकाळी शमीम उलटा निरोप घेऊन आला. बसूनं एकच विचारलं होतं, सिंधुला मूल झालं का?

मी आनंदानं सांगितलं. झालं, मुलगी, दोन महिन्यांची आहे, बाळंतीण सुखरूप आहे, नवरा चांगला आहे. घरातलं काहीतरी विचारलं त्यानं! म्हणजे मन ओढून राहिलं आहे. आज मी पहिल्यांदा नीट जेवले.


१८ एप्रिल

लिंग परत आलं.

शमीमनं काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं नाही. निरोप एवढाच: "जिसको मिट्टी दे दी, उसको घर कैसे ले जाओगे?"

म्हणजे माती दिल्याचं त्याला माहीत आहे. कसं कळलं? शमीम म्हणतो, वर्षभरापूर्वी त्यानं इथून गावातल्या कुणाला तरी फोन केला होता. दुकानातूनच. बोलणं झाल्यावर पोत्यांवर बसून राहिला आणि म्हणाला, मी मेलो आहे म्हणे. दोघं मिळून हसले म्हणे त्यावर. कुणाला फोन केला, हे शमीमला माहीत नाही. जाडसर आवाजाचा कुणी म्हातारा माणूस होता. बसू त्याला काका, काका, म्हणत होता.

आमच्याकडं गावात सगळेच काका. कोण असेल?

इरकलीचा तुकडा ओला होता. लिंगही ओलं होतं. मला शमीमचा फार राग आला. भाज्यांवर पाणी मारतो तिथंच ठेवलं असणार. अव्वानं इतकं जपलेलं. मी ते खोलीवर आणून पुसलं, विभूती लावली आणि गळ्यात माझ्या लिंगाशेजारी घातलं. दोन्हींचं ओझं जाणवतं.


१९ एप्रिल

आज नुसती फिरले. वरच्या टोकाला जाणारी एक सरकारी लिफ्ट आहे, डोंगराच्या पोटातून वर जाते. वरून सगळं दिसतं, पाटीच्या दगडाची काळी छपरं, एकमेकांवर रेललेली, त्यांच्या फटीत कुठंतरी ती गुलाबी भिंत, मग जहाजं, मग ते पाणी. लोक इथं फोटो काढायला येतात. माझ्या शेजारी एक नवरा-बायको उभे होते, त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. काढला. ते किती सुंदर म्हणाले, हे भाषा न येताही कळलं. सुंदर आहेच. मला ते कुठल्याही कामाचं नाही.

खाली उतरताना वाट चुकले. चुकून चुकून त्याच भिंतीपाशी आले. डावीकडची खिडकी बंद होती. हाक मारली नाही.


२० एप्रिल

काका आज आपणहून चढ चढून आले. तीन ठिकाणी बसले. शमीमच्या दुकानासमोर उभे राहिले आणि वर न बघता मला म्हणाले, चल, परवाची तिकिटं करतो. मी म्हटलं, अजून तीन दिवस हातात आहेत. तर तिथंच पायरीवर टेकले.

"उमा, आपुन माती दिली त्येला. माती दिलेल्या माणसाला हाक मारू नव्हं."

मी म्हटलं, तो जिवंत आहे हे कळल्यावर कसली माती? अव्वाचा तरी विचार करा.

"वैनीचा करून राहिलो म्हणून तर आलो तुझ्यासंगं. पर सिंधुचा कुणी करायचा? ती पोर त्या घरी कुंकू लावून बसली. उद्या ह्यो उदगीरच्या स्टँडावर उतरला, तर ती कुणाची बायकू? आन् ते ल्येकरू कुणाचं? तुला ठावं नसंल, त्येला समदं ठावं हाय."

त्येला ठावं हाय, असं काका म्हणाले. अंदाजानं बोलले असतील. मला त्यांच्या बोलण्याचा संताप आला. आडतीवर बसून बसून यांना सगळीकडं हिशेबच दिसतो. सिंधुचं काय ते पंच बघतील, स्वामी बघतील, वाट निघते. बसू त्यासाठी आईला मरू देईल? त्याला सिंधुबद्दल कळल्यावर उलट बरंच वाटलं असणार. आम्ही घाईनं माती दिली, त्याचा त्याला राग आहे, एवढंच आहे. राग काय, जातो.

मी फणकाऱ्यानं म्हटलं, तुम्हाला त्याची काहीच माया नाही. काका उठले. फेट्याच्या शेवानं तोंड पुसत खाली उतरले. एका हातानं भिंत धरून. मी हात द्यायला हवा होता.


२१ एप्रिल

शिवकांताने फोन अव्वाच्या कानाला लावला. अव्वाचा आवाज तळाशी गेलेल्या पोहऱ्यासारखा. भेटला का, विचारलं. मी म्हटलं, शोधून राहिलो. "हळू शोध," ती म्हणाली. "त्येला उन्हाचं फिरवू नको."

मग शिवकांता घराबाहेर जाऊन बोलली. डॉक्टर आठवडा म्हणतात. अव्वा चमच्याचंही पाणी घेईना, त्या घागरीतलंच प्यायला दे म्हटलं तर तोंड फिरवते. आणि एक मेचं काही खरं नाही, काकांना सांगा, जिल्ह्याचं पुन्हा पुढं ढकललं. चौकातला मांडव वाऱ्यानं पडला, उचलायलाही कुणी आलं नाही.

काकांना जिल्ह्याचं सांगितलं. ते नुसतं बरं म्हणाले. बाकावर बसून बंदरातून निघालेल्या एका जहाजाकडं बघत राहिले.

दुपारी मी पुन्हा निरोप दिला. लग्नाचं, मातीचं काही बोलू नको, दोन दिवस ये, अव्वाला तोंड दाखव आणि परत ये. शमीमनं सांगितलं, एकदा देश सोडला तर त्याला परत येता येणार नाही, हे मला कसं कळत नाही. मला खरंच कळलं नव्हतं.

उत्तर आलं नाही.


२२ एप्रिल

तिकिटं उद्या सकाळची आहेत. शमीमनं संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि मला आत बोलावलं. कांद्याच्या पोत्यावर बसवलं, चहा दिला. उत्तर घेऊन आला होता. बसू म्हणतो, घरी सांग की फोटोतला माणूस दुसरा कुणी होता. तू शोधलंस, मी सापडलो नाही. अव्वाला तसंच जाऊ दे.

मी म्हटलं, हे तो म्हणाला का तू म्हणतोस? शमीमला वाईट वाटलं. कुराणाची शपथ घेतो म्हणाला. मी नको म्हटलं. मग तो हळूच म्हणाला, वो रोता है अक्का, लेकिन मानेगा नहीं. मैं जानता हूँ उसको.

आता मलाही कळतं की तो येणार नाही. सकाळपासून मी मनातल्या मनात परतीच्या विमानात माझ्या शेजारी त्याला बसवत होते, खिडकीकडं. ते सोडून दिलं. शमीमला म्हटलं, लिंग तुझ्याकडं ठेवून घे, तर त्यानं कानाला हात लावले. माझ्याच गळ्यात आहे.

पण अव्वाच्या पुढ्यात बसून मी काय बोलू? शोधलं, सापडला नाही, हे मी म्हणू शकेन असं मला वाटत नाही. तिनं आयुष्यात माझं एकही खोटं पचू दिलेलं नाही. आणि सापडला पण येत नाही म्हणाला, हे सांगायचं तर कुणाच्या शब्दानं सांगू? शमीमच्या? हिंदीत?

म्हणून मी शमीमला शेवटचा निरोप दिला. तो ऐकून घेत होता आणि मध्येच मान हलवत होता, नाही होणार म्हणून. तो हे पण करणार नाही, अक्का, खिडकीपर्यंत येणार नाही, असं म्हणाला. मलाही ते ठाऊक आहे. जो दोन दिवस हाका ऐकून उठला नाही, तो आता कशाला उठेल? तरी मी शमीमला निरोप पुन्हा म्हणायला लावला, एकही शब्द गळू नये म्हणून. तो असा:

बसू, चल असं मी आता म्हणणार नाही. लिंग घे असंही म्हणणार नाही. उद्या सकाळी स्टेशनला जाताना मी त्या गुलाबी भिंतीखाली थांबेन. वर बघणार नाही, तू कसा दिसतोस ते मला नको दाखवू. फळकूट बंदच राहू दे. तुला नाहीच म्हणायचं आहे ना, तर ते तू स्वतः म्हण. दुसऱ्याच्या तोंडानं नको. अक्का, जा, एवढंच म्हण. आपल्या बोलीत, मला खाली ऐकू येईल इतक्या आवाजात, एकदा.